दोन्ही संघांत माझं कुणी नाही

जालन्याहून भोकरदनला जाणारी एसटी राजूरच्या थांब्यावर आली तेव्हाच भरलेली होती. त्यात संकष्टी. गणपतीला आलेली निम्मी माणसं आता ह्याच गाडीत शिरणार होती. अर्पिताने कोपरं वापरली, दोन बायांची बोलणी खाल्ली आणि मागून तिसऱ्या बाकावरची एकुलती रिकामी जागा पकडली. दम घेतला. मग शेजारी बघितलं.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

“तुम्ही?”

“मीच.” तो खिडकीला चिकटला. “बसा ना. एसटीत मी कार्ड काढत न्हाई.”

“काढून तर बघा. खिडकीतून फेकून देईन.”

“कार्ड का मला?”

“जे आधी हाताला लागेल ते!”

पुढच्या बाकावरच्या आजोबांनी मान वळवून दोघांकडे पाहिलं आणि नवरा-बायकोचं भांडण समजून समाधानाने पुन्हा पुढे बघायला लागले. ते पाहून अर्पिता आणखीच तापली.

तिचा राग चार महिने जुना होता. जिल्ह्यातल्या मुलींच्या फुटबॉल लीगमध्ये आठ संघ. राजूरच्या संघाची ती कर्णधार आणि गोलकीपर. मार्चमध्ये लीगच्या शेवटच्या सामन्यात ह्या माणसाने, शहागडच्या अंगद पंचाने, तिच्याविरुद्ध फाऊल दिला होता. ती धावत त्याच्यापुढे गेली आणि म्हणाली, “डोळे हायेत का कवड्या?” त्याने शांतपणे खिशातून लाल कार्ड काढलं. ती बाहेर, बदली गोलकीपरवर दोन गोल, आणि लीग गेली जालन्याच्या मुलींकडे. महिन्याभराने राजूरने कप जिंकला खरा, पण लीगचा काटा तिच्या मनातून निघाला नव्हता.

बस हलली. थोड्या वेळाने तो हळूच म्हणाला, “एक सांगू का?”

“न्हाई.”

“तो फाऊल नव्हता. मीच चुकलो. घरी जाऊन मोबाईलवर बघितलं तवा कळलं… कवड्याच होत्या त्या दिवशी.”

अर्पिता त्याच्याकडे बघतच राहिली. सडपातळ, सावळा, हनुवटीवर लहानशी खूण. चेहऱ्यावर चेष्टा नव्हती. हे जास्त वाईट होतं. चेष्टा असती तर भांडता आलं असतं.

“मंग कार्ड कामून दिलं?”

“कार्ड फाऊलचं न्हाई, बोलण्याचं होतं. ते बराबरच होतं.”

“आणि हे आत्ता सांगून राह्यले? चार महिन्यांनी? माझी लीग गेल्यावर?”

“खरं हाय ते कवातरी सांगायलाच पायजे ना…”

“कवातरी!” ती म्हणाली, आणि भोकरदन येईपर्यंत खिडकीबाहेर बघत बसली. खिडकी त्याच्या बाजूला होती, त्यामुळे मधे सारखा तोच दिसत होता, त्याला तिचा इलाज नव्हता.

पुढच्या संकष्टीला अंगद राजूरला आला. शहागडला हायवेवर त्याचं ट्रकच्या बॅटऱ्यांचं दुकान; तिथून राजूर काही जवळ नाही. देवळाच्या वाटेवर अर्पिताची आई गिरिजाबाई हार, दुर्वा आणि पेढे विकायची. त्या दिवशी दुकानावर अर्पिता होती. त्याने दुर्वांची जुडी मागितली. तिने टोपलीतली सगळ्यात सुकलेली काढून दिली.

“ही तर वाळून गेली.”

“देवाला भाव लागतो. दुर्वा कशाही चालतात.”

त्याने ती घेतली, देवाला वाहिली आणि त्याच्या पुढच्या संकष्टीला पुन्हा आला. गिरिजाबाई म्हणाल्या, “हे पोरगं लई देवभोळं दिसून राह्यलं बाई. इतक्या लांबून येतं.” सकाळपासून पाण्याचा हात मारून अर्पिताने एक हिरवीगार जुडी फडक्याखाली वेगळी ठेवली होती. तो आला तेव्हा तिने ती त्याच्यापुढे आपटली.

“घ्या. उगं मागच्यावानी तोंड वाकडं करू नका.”

पावसाची झिमझिम होती. तो ताडपत्रीच्या कडेला उभा, अर्धा खांदा भिजलेला. त्याने जुडी घेतली तेव्हा दोघांची बोटं एकाच वेळी दोऱ्यात अडकली… आणि सोडवायची घाई दोघांनीही केली नाही.

“सलामीच्या सामन्याला तुमचीच शिट्टी हाय म्हणे,” ती दोऱ्याकडे बघत म्हणाली.

“हाय.”

“चांगलं हाय. ह्या बारीला मी जिंकणार. आणि तुमच्या शिट्टीवर जिंकणार, म्हणजे कुणी नावं ठेवणार न्हाई. तुमच्यासारखा सरळ पंच जिल्ह्यात दुसरा न्हाई.” मग आपण काय बोललो ते ध्यानात येऊन ती चिडली. “कवड्या असल्या तरी!”

तो हसला नाही. काही तरी बोलायला त्याने तोंड उघडलं, मिटलं आणि गेला.

सलामीच्या सामन्याने दरवर्षी हंगाम उघडतो. लीगचा विजेता आणि कपाचा विजेता भोकरदनच्या मैदानावर भिडतात आणि जिंकणाऱ्याला ढाल मिळते. त्या मैदानाला जुनी माणसं अजून बैलबाजारच म्हणतात. एके काळी तिथे खुंट होते आणि पोरींनी तिकडे फिरकायचंसुद्धा नाही असं घरोघरी बजावलेलं असायचं. आता तिथे पोरी खेळतात आणि माणसं बघायला येतात.

ह्या सामन्याची एक रीत आहे, ती आणखी कुठे नसेल. जिल्हा म्हणजे सगळे एकमेकांचे सोयरे. फार वर्षांपूर्वी एक पंच जिंकलेल्या कर्णधाराचा सख्खा मेव्हणा निघाला आणि मैदानात लाठ्या चालल्या. तेव्हापासून नाणं उडवायच्या आधी पंचाने माईकवर, सगळ्यांच्या देखत म्हणायचं: “ह्या दोन्ही संघांत माझं कुणी नाही.” मग खेळ सुरू.

सप्टेंबरच्या त्या रविवारी चारेकशे माणूस जमलं होतं. आभाळ भरलेलं. मधोमध दोन्ही कर्णधार, जालन्याची संध्या आणि अर्पिता. मंडळाचे सचिव भागवत सर, सत्तरीचे निवृत्त मास्तर, माईक घेऊन उभे. त्यांनी तो अंगदच्या हातात दिला.

“ह्या दोन्ही संघांत…” अंगद म्हणाला. “ह्या दोन्ही संघांत माझं…”

भोंग्यातून नुसता वारा ऐकू आला.

“म्हणा ना साहेब,” संध्या म्हणाली. “पाऊस येऊन राह्यला.”

“मला म्हणता यायचं न्हाई,” अंगद म्हणाला. माईक तोंडाशीच होता. ते बाजारतळाच्या शेवटच्या टोकापर्यंत गेलं.

“कोण हाय तुमचं? कुण्या संघात?” भागवत सर गोंधळले.

“राजूरच्या. गोलकीपर.”

“काय लागते ती तुमची?”

“अजून काही न्हाई. तिला म्हाईतबी न्हाई. पण कुणी न्हाई असं म्या म्हणलो, तर ते खोटं होईल.”

मग हशा उसळला, शिट्ट्या वाजल्या, कुणीतरी “वा रे पठ्ठ्या!” म्हणून ओरडलं. राजूरच्या मुलींनी तोंडावर हात घेतले. अर्पिताचे कान तापले. चारशे माणसं तिच्याकडे बघत होती, आणि ह्या माणसाने तिला न विचारता तिला त्यांच्यापुढे उभं केलं होतं.

तिने हातमोजे काढले आणि चिखलात फेकले.

“आज सुचलं तुला? आज?” पहिल्यांदाच ती त्याला अरे-तुरे करत होती. “परवा दुकानावर मुका झाल्तास का? अर्ध्या तासात पंच न्हाई मिळाला तर लीग जिंकणाऱ्यांना ढाल फुकट जाते, म्हाईत न्हाई तुला?”

“म्हाईत हाय.”

“मंग?”

“तुझ्या बाजूनं शिट्टी वाजवली असती तर माझाच माझ्यावर भरवसा राह्यला नसता.”

“हो बाजूला,” ती म्हणाली. “बिलकुल बाजूला हो. माझ्या नजरेसमोर थांबू नको.”

फुकटची ढाल संध्यालाही नको होती. ती म्हणाली, सर, तुम्हीच वाजवा शिट्टी, पण खेळू. सरांनी धोतराचा सोगा खोचला, दोन्ही संघांत आपलं कुणी नाही असं खणखणीत सांगितलं आणि सामना सुरू झाला. अंगद मैदानाबाहेर, पाण्याच्या टाकीजवळ, एकटा उभा राहिला.

अर्पिता त्या दिवशी जशी खेळली तशी आधी कधी खेळली नव्हती. प्रत्येक चेंडू त्याचं डोकं असल्यासारखा बुक्कीने परतवत होती. ऐंशी मिनिटं गोल नाही. मग पाऊस वाढला, सरांच्या चष्म्यावरून पाणी ओघळायला लागलं आणि त्या गडबडीत जालन्याच्या एका मुलीच्या हाताला लागून चेंडू जाळ्यात गेला. हात सगळ्यांनी बघितला. सरांनी नाही बघितला. त्यांनी गोलाची शिट्टी दिली.

एक-शून्य. सामना संपला.

अर्पिता तडक टाकीपाशी गेली. चिखलाने माखलेली, डोळे लाल.

“तू असतास तर तो गोल दिला असतास?”

“न्हाई.”

“म्हणजे तुझ्यामुळं हरलो.”

“हाव,” अंगद म्हणाला. “माझ्यामुळं.”

त्याने एवढं तरी नाकारायला हवं होतं. तिला भांडायला काहीतरी हवं होतं. पण तो तसाच उभा, नखशिखांत भिजलेला, एक शब्दही स्वतःच्या बाजूने न बोलता.

तेवढ्यात सरांनी तिला मांडवात बोलावलं. टेबलावर सामन्याचा अहवाल होता. नात्यामुळे पंच बाजूला झाला, तर ते नातं खरं असल्याची त्या संघाच्या कर्णधाराने सही करायची. उगाच कुणी काढता पाय घेऊ नये म्हणून तसा नियम होता.

“तू सही केलीस तर आजचा निकाल कायम,” सर म्हणाले. “न्हाई केलीस, तर पंच मैदान सोडून पळाला असं धरायचं. सामना रद्द. दुसरा पंच आणून पुढच्या रविवारी पुन्हा खेळायचा. आणि अंगदवर दोन वर्षं बंदी.”

राजूरच्या मुली भोवती गोळा झाल्या होत्या. उपकर्णधार मीना तिचा हात धरून म्हणाली, “ताई, न्हाई म्हण! पुन्हा खेळू. पुढच्या रविवारी चार गोलांनी मारू त्यांना.”

“नको करू सही,” मांडवाच्या दाराशी अंगद आला होता. “दोन वर्षं काय, निघून जातील. ढाल तुझी हाय.”

अर्पिता गर्रकन वळली. “पुन्हा? पुन्हा माझ्या वतीनं तूच ठरवणार? त्याच्यापेक्षा मला आधी विचारलं असतंस तर! परवा दुकानावर एक वाक्य बोलला असतास. म्या तवाच सरांना सांगून दुसरा पंच मागितला असता. चांगला पंच. डोळेवाला. अरे, चारशे लोकांना सांगितलंस, भोंग्यावर सांगितलंस. मला सांगितलंस का? आजपावेतो एकदा तरी?”



मीना तिच्याकडे बघत होती. “ताई,” ती हळू आवाजात म्हणाली, “पण खरं काय हाय?”

हा प्रश्न दुसऱ्या कुणी विचारला असता तर अर्पिताने त्याला फाडून खाल्लं असतं. पण ह्या मुलींना तिने पहाटे पाचला उठवून पळवलं होतं, मीनाच्या आईशी भांडून तिला खेळायला आणलं होतं. त्यांच्या तोंडावर तिला खोटं बोलता येईना. बाहेर मैदानावर जालन्याच्या मुली नाचत होत्या.

“माफ करा गं मला,” ती मुलींना म्हणाली. मग सरांच्या हातातलं पेन ओढून घेतलं. “कुठं करू सही?”

“थांब, आधी हा रकाना भरायचा. नातं काय लिहू?”

“भांडण लिहा.”

“भांडण हे नातं न्हाई होत, पोरी. कमिटी मानायची न्हाई.”

अर्पिताने अंगदकडे बघितलं. “ऐकलंस? कमिटी मानत न्हाई. आता विचार. त्यांना न्हाई, भोंग्याला न्हाई. मला.”

तो दोन पावलं पुढे आला. त्याच्या शर्टाचं पाणी टेबलावर ठिबकलं. सरांनी कागद मागे ओढला. तो काय बोलला ते सरांना ऐकू आलं नाही, कान पुढे करूनही नाही. मीनालाही आलं नाही, आणि मीना तर अगदी खेटून उभी होती. बोलताना त्याचा आवाज एकदा फुटला, तो थांबला… आणि पुन्हा पहिल्यापासून बोलला. एवढंच सगळ्यांना दिसलं.

अर्पिताने तोंड फिरवलं. गालावरचा चिखल मनगटाने पुसला. राग अजून उतरला नव्हता आणि लवकर उतरणारही नव्हता, हे तिलाही कळत होतं.

“लिहा सर,” ती म्हणाली. “होणारा नवरा.”

तिने सही केली, इतकी दाबून की खालच्या दोन्ही प्रतींवर नाव उमटलं.

“आणि ती ढाल त्या पोरींना जल्दी देऊन टाका. मला बघवत न्हाई.”