हलणारा ध्रुव

तापीकाठच्या केळीरोग-निदान केंद्रात त्या दुपारी जनुकमापक यंत्र घरघरत होतं आणि त्याच्या शेजारीच, सगळे नियम धाब्यावर बसवून, डॉ. कुमुद नेहेते केळफुलाची भाजी खात होती. डबा तिच्या गुरूंचा, निवृत्त प्राध्यापक अत्तरदे सरांचा.

"आतला कोवळा गाभा खास तुझ्या वाटीत घातलाय," सर म्हणाले. "कोहळ्याएवढं केळफूल होतं. सोलता सोलता हात काळे झाले माझे."

"एवढं केळफूल हल्ली दिसतं कुठं?" कुमुदनं सुस्कारा टाकला.

तेच तर दुखणं होतं. एके काळी जो घड उचलायला दोन गडी लागत, तो आता बाजाराच्या पिशवीत मावायचा. खानदेशातली केळ वर्षागणिक आक्रसत चालली होती आणि केंद्राचे अहवाल मात्र छातीठोक सांगत होते: निरोगी.

"तुझं यंत्र म्हणतं पोर धडधाकट, आणि पोर तर रोज झडतंय," सरांनी चिमटा काढला.

"यंत्राला नावं ठेवू नका, सर. विषाणू शिरला की झाडातला बोंबजनुक ओरडायला लागतो. किती ओरडतो ते मोजायला शेजारी न हलणारं काहीतरी हवं ना? म्हणून तर मी ध्रुवजनुक शोधला. आजारी बागा घेतल्या, निरोगी घेतल्या. शेकडो जनुकांत हा एकटाच कुठल्याही झाडात जागचा हलला नाही. बोंब भागिले ध्रुव. आकडा चढला की झाड आजारी."

"आणि ती निरोगी झाडं निरोगी होती, हे तुला कोणी सांगितलं?"

"पानं हिरवीगार होती."

"लांबून पाहिलंस तर मीही चाळिशीचा दिसतो."

कुमुद हसणार, तोच यंत्रावर लाल दिवा लागला. छपरावरून दहनयान आपोआप उडालं. नियम कुमुदनंच केलेला: लाल दिव्यानंतर माणसाच्या दयामायेला वाव नाही. झाड बुडाशी फुटलेल्या मुनव्यांसकट उपटायचं आणि जागीच राख करायची.

तिनं नमुन्याचं ठिकाण वाचलं. "सातपुड्यातली घळ? तिथं कोणाची बाग आली?"

सरांचा मिस्कील चेहरा उतरला. "माझं झाड आहे गं ते. गंमत म्हणून तुझ्या नमुन्यांत घुसवलं. पाच कोसांत दुसरी केळ नाही. तिथं रोग पोचला कसा?"

कुमुदला वाईट वाटलं. किती ओरडलंय तरी बघू, म्हणून तिनं मूळ आकडे उघडले. ते कोणी उघडतच नसे. केंद्राची रीत अशी, की पानाचा एक तुकडा पहाटे घ्यायचा, एक भर दुपारी, आणि दोन्हींच्या भागाकारांची सरासरी यंत्रानं परस्पर काढायची.

सरांच्या झाडातला बोंबजनुक जवळजवळ मुकाच होता. इतका मुका तिनं आजवर पाहिला नव्हता.

मग आकडा चढला कसा? तिनं भाजक पाहिला. ध्रुव खाली आला होता. पहाटे जवळजवळ शून्य, दुपारी वर. एवढ्याशा आकड्यानं भागलं की मुकी बोंबही मोठी दिसते.

"ध्रुव हलतोय, सर. उन्हाबरोबर चढतो, उन्हाबरोबर उतरतो."

"जिवंत झाडात न हलणारं असतं काय, बाई? बाकीच्यांत बघ."

तिनं एकामागून एक नमुने उघडले. पहाट आणि दुपार, तोच आकडा. रावेर, यावल, चोपडा, तोच आकडा.

"बाकीच्यांत हलत का नाही?" सरांनी विचारलं.

कुमुदनं पहाटेचे आणि दुपारचे आकडे पुन्हा एकदा ताडून पाहिले. ती स्टुलावर बसली.

"त्याला धरून ठेवलंय कोणीतरी. विषाणूनं. या झाडांना संध्याकाळच होत नाही, सर. रात्रंदिवस भर दुपारीच उभी आहेत, म्हणून झडताहेत. बोंब चढलेली, ध्रुवही चढलेला, भागाकार जिथल्या तिथं. ज्या काठीनं उंची मोजत होते, ती काठीच वाढलेली होती."

"म्हणजे तुझी ती निरोगी झाडं..."

"एकही निरोगी नव्हतं. सगळ्यांना मिळून जो रोग झाला होता, तोच मी फूटपट्टी म्हणून उचलला."

कुमुदला आठवले आजवरचे लाल दिवे. आधी पुष्कळ लागायचे, मग कधीमधी, मग लागेनासे झाले. रोग हटवला म्हणून तिच्या गळ्यात हार पडले होते. निरोगी केळ वेचून वेचून तिनंच जाळली होती, आणि शेवटची...

ती खिडकीकडे धावली. सातपुड्याच्या अंगावर धुराची बारीक रेघ उभी होती.

मग ती एकदम वळली. तिचे डोळे चमकत होते.

"सर, अजून सगळं गेलेलं नाही. केळफुलाच्या आतल्या गाभ्यात वाढीचा कोंब असतो. नखाएवढा मिळाला तरी बाटलीत त्याचं झाड करते मी, आणि एका झाडाची लाख. त्या झाडाला केळफूल आलं होतं का?"

"आलं होतं."

"कुठं आहे ते?"

अत्तरदे सरांनी आपल्या काळ्या पडलेल्या हातांकडे पाहिलं. मग हळूच, नजर चुकवत, कुमुदच्या वाटीकडे पाहिलं.

वाटी तिनं बोटानं चाटूनपुसून लख्ख केली होती.