अंगी न लागणारी साखर

चिखलदऱ्याच्या अंतराळ संशोधन केंद्रातले सगळे शास्त्रज्ञ डोक्याला हात लावून बसले होते. त्यांचा पाहुणा पोटभर जेवत होता आणि तरीही उपाशी मरत होता.

पाहुणा म्हणजे ऊल, दूरच्या ग्रहावरून एकटाच आलेला. त्याची शिदोरी संपली, तेव्हा केंद्राच्या प्रमुख डॉ. शैलजा ठोंबरे यांनी डब्याच्या तळाशी उरलेले थेंब तपासले. शिदोरी निघाली ग्लुकोज, आपल्याच ओळखीची साधी साखर. अणू तेच आणि तेवढेच! मग काय, पिंपभर पाक तयार झाला. ऊल मिटक्या मारत प्यायचा आणि दुसऱ्या दिवशी आणखी वाळायचा. आता तर त्याला उठवतही नव्हतं.

शैलजाबाईंची भाची कौमुदी सुट्टीला तिथेच आली होती. पोरगी मोठी चौकस, पण डावखुरी. सन २०७१ उजाडलं, तरी पंगतीत कुणीतरी "अगं, उजव्या हाताने जेव!" म्हणायचंच. त्यामुळे चारचौघांत तिचा डावा हात खिशात असायचा. ऊलला मात्र त्याचं काहीच नव्हतं. दोघांची छान गट्टी जमली होती.

"घरी सगळं पचायचं, पण कुणाशी पटायचं नाही," ऊल अनुवादयंत्रातून (परकी भाषा आपल्या भाषेत सांगणारं यंत्र) म्हणाला. "सगळे म्हणायचे, आहे तिथे सुखात राहा. मी ऐकलं नाही. चुकलंच माझं."

कौमुदीला रडू आलं. डोळे पुसत ती त्याच्यासाठी पाक आणायला शीतकोठीकडे गेली. खुंटीवर एकच जाड हातमोजा होता, तोही उजवा. डाव्या हातात तो बसेना. अंगठा जागेवर घालावा, तर तळव्याची गादी हाताच्या पाठीवर. गादी तळव्यावर घ्यावी, तर अंगठा करंगळीकडे! ती थबकली आणि तशीच धावत सुटली.

"मावशी, दोन्ही हातांना बोटं पाचच, तरी मोजा बसत नाही. साखरेचंही तसंच असेल का गं?"

शैलजाबाई ताडकन उठल्या. "अगं, आम्ही नुसते अणू मोजत बसलो! काही रेणूंची (अणूंच्या जुळण्यांची) दोन रूपं असतात, एक दुसऱ्याच्या आरशातल्या प्रतिबिंबासारखं. जिभेला दोन्ही गोड. पण अन्न पचवणारी विकरं (शरीरातले कामकरी रेणू) हातमोज्यासारखी, एकालाच बसतात."

"म्हणजे गोड लागतं, पण अंगी लागत नाही!"

"तपासून तर पाहू."

त्यांनी एकाच दिशेत डोलणारा प्रकाश दोन नळ्यांतून सोडला. आपल्या पाकाने त्याला उजवीकडे वळवलं. ऊलच्या डब्यातल्या थेंबांनी वळवलं डावीकडे!

मग प्रतिबिंब-साखर बनवायला दोन दिवस यंत्रं घरघरत राहिली. पहिला पेला कौमुदीने सगळ्यांसमोर डाव्या हाताने ढवळला. कुणी काही म्हटलं असतं तरी तिने हात बदलला नसता. मोठमोठ्या शास्त्रज्ञांना जे दिसलं नाही, ते या हाताने दाखवलं होतं.

तिसऱ्या दिवशी ऊल उठून बसला. आठव्या दिवशी अंगणात बागडू लागला. त्याच सुमारास त्याच्या ग्रहावरून संदेश आला, "फार हाल होत असतील. न्यायला येऊ का?"

ऊलने कौमुदीकडे पाहिलं. मग उत्तर पाठवलं, "जरूर या. पण न्यायला नको, जेवायला या."