खाडीकडची खिडकी

घर बांधायला निघालेला माणूस माझ्या पनवेलच्या ऑफिसात येतो तो बहुतेक मोबाइलमध्ये दुबईचा बंगला घेऊनच. काचा, खांब आणि खांबांवर सिंह. ते सिंह उतरवण्यात माझा अर्धा दिवस जातो. त्यामुळे गव्हाणच्या जनीबाईंनी जेव्हा एवढंच सांगितलं की, "कसंपन बांधा, पन खाडीकडं खिडकी नको," तेव्हा मी मनातून सुखावलो.

कारणही त्यांनीच सांगितलं. त्यांचा मुलगा प्रणित तीन वर्षांपूर्वी होडी घेऊन खाडीत गेला. होडी मिळाली, तो मिळाला नाही.

"ज्याचा देह मिलला नाय, त्याचे घराची खाडीकडची भिंत आमी कोरी ठेवतो. आनि काय बंद करायचं झालं तर ओहोटीला करायचं. भरतीला नाय."

मी मान डोलावली. पश्चिमेचा आयता वारा अडवणारी भिंत मात्र मला पटली नव्हती.

दुसऱ्या दिवशी त्यांची सून समृद्धी आली, पाच वर्षांच्या मनस्वीला घेऊन. तिने लग्नातला एक फोटो टेबलावर ठेवला. नवरा-बायकोच्या मागे जुनं घर दिसत होतं. निळी भिंत, खाली दोन खिडक्या, वर उजवीकडे एक लहान. ते घर भूसंपादनात गेलं होतं.

"सर, समोरून अगदी असंच करा. वरची खिडकी खाडीकडे. आमचा पत्ता बदललाय, तो त्यांना कोण कळवणार? निदान घर तरी ओळखू आलं पाहिजे."

मी भुताखेतांवर विश्वास ठेवत नाही. पण तिला नाही म्हणायला माझी जीभ रेटेना. जनीबाईंना मी सांगितलं की नियमाप्रमाणे त्या खोलीला तिथेच खिडकी लागते. हे खोटं होतं. दक्षिणेला खिडकी काढता आली असती. त्या म्हणाल्या, "सरकारी हाय तर करा."

खिडकी बसली. आठवड्याभराने आनंदा मिस्त्रीचा फोन आला, की खिडकीखालची ग्रॅनाइटची पट्टी ओली होते. मार्च महिना होता. मी जाऊन बोट फिरवलं, जिभेला लावलं. खारट होतं. रेती खाडीची वापरली असणार, असं ठरवून मी आनंदावर चिडलो आणि रेती बदलायला लावली. ओल येतच राहिली, रोज पाऊण तास उशिरा. रोज पाऊण तासाने पुढे सरकते ती भरतीची वेळ, हे मला ठाऊक होतं. मी त्याबद्दल कोणाशी बोललो नाही.

वास्तुशांत झाली, माणसं राहायला आली. समृद्धी दिवसभर त्या खिडकीत बसायची. एका दुपारी मनस्वी आजीला म्हणाली, "पप्पांना टॉवेल दे. ते बाहेर ओले उभे आहेत."

जनीबाईंचा फोन लगेच आला. "उद्या बाराला ओहोटी पुरी व्हते. तवाच ती खिडकी बंद करा."

आनंदा दुसऱ्या दिवशी द्रोणागिरीच्या एका गोदामावर अडकला आणि तीनला उगवला. जनीबाई म्हणाल्या, उद्या करू. मी म्हटलं, वीट ती वीट, आजच उरका. शेवटची वीट बसली तेव्हा सहा वाजले होते. भरती पूर्ण चढली होती.

समृद्धीने विरोध केला नाही. ती टॉवेल घेऊन उभी होती. पण तिची नजर खिडकीकडे नव्हती, खोलीच्या मधोमध होती.

सहा दिवसांनी जनीबाईंनी मला बोलावलं. सकाळचे साडेदहा वाजत होते. खिडकी पुन्हा फोडलेली होती, वारा येत होता. मी पट्टीवर हात फिरवला. ती कोरडी होती.

समृद्धी जमिनीवर बसली होती, प्रसन्न. "आता त्यांना बाहेर थांबावं लागत नाही," ती मला म्हणाली.

मनस्वी खोलीत उभी होती. तिचा फ्रॉक खालून वर भिजत गेला होता. पायाखालची लादी कोरडी होती.

"दिसातून दोनदा," जनीबाई म्हणाल्या. "पयले दिवशी पानी घोट्यापर्यंत व्हतं. रोज वर चढतं. खिडकी ओहोटीला फोडली, तरी तो जाईना."

"तिला इथून हलवा," मी म्हणालो.

"रोडपालीला भयनीकडं नेली व्हती. थितंपन तसंच."

मापं घेणं हा माझा धंदा. ओल गळ्याखाली चार बोटांवर आली होती. माझ्या हातून हे झालं होतं, आणि करण्यासारखं काहीही उरलं नव्हतं.

"परवा पुनव हाय," जनीबाई म्हणाल्या. त्यांनी दोरीवरून सुका फ्रॉक काढला. "मोठी भरती."

मी मनस्वीकडे पाहिलं. कोणी काही सांगितलं नव्हतं. ती टाचा उंचावून, हनुवटी वर करून उभी राहिली होती.