कापराची भाषा

सिमाहला शब्द हवे होते. कापूर नव्हे, नुसते शब्द! कापराच्या शोधात मलायातल्या एन्दाउ नदीच्या वरच्या रानात शिरलेली जकून जमातीची माणसं एक वेगळीच भाषा बोलत. ती पुरती येणारा आता एकच उरला होता : सिमाहचा मामा कुलोप. आणि हा खवट म्हातारा घरात त्या भाषेचं अक्षर उच्चारायला तयार नव्हता.

"रानातली भाषा रानातच," तो म्हणे. "हवी असेल तर चल कापराला."

म्हणून विद्यापीठातून टेपरेकॉर्डर घेऊन आलेली सिमाह, म्होरक्या मामा आणि मामाचा रेड्यासारखा मेहुणा सेनिन असे तिघे निघाले. कापराला जाणाऱ्यांचे नियम कडक : अंघोळ नाही, मीठ नाही, आणि गावच्या बोलीतला एक शब्दही नाही! जो बोलेल तो सूर्य मावळेपर्यंत मेला. त्याचं कुणी ऐकायचं नाही, त्याला घास द्यायचा नाही.

तिसऱ्या दिवशी सिमाहच्या मांडीवर बोटाएवढाल्या अकरा जळवा चढल्या. "आई गं!" ती किंचाळली. चक्क गावच्या बोलीत!

मामाने कान टवकारले. "पान सळसळलं वाटतं," तो सेनिनला रानभाषेत म्हणाला, आणि तिच्या वाट्याचा भात तिच्यासमोरच मिटक्या मारत खाल्ला.

ती शिकली मात्र. भात म्हणजे गवताचं फळ. आडवा ओंडका म्हणजे झोपलेला आजोबा. "सेनिन, झोपलेल्या आजोबाला उठव!" असा मामाचा हुकूम सुटला, की चार हत्तींना न हलणारा ओंडका सेनिन वाटेतून बाजूला करी. त्याला सगळं समजे. बोलताना मात्र वीसेक शब्दांपुढे जीभ वळत नसे. टेप फिरत राही. नवव्या दिवशी सिमाहच्या फिती भरत आल्या.

त्याच दिवशी ओढ्याकाठी झाड सापडलं! सेनिनने ते पाडलं, खोड फोडलं. आत कापराचे पांढरे खडे लखलखले! मामा बघायला वाकला. कडाड! खोड फिरलं. मामा खाली! डावा पाय चेचला, धड ओढ्यात. डोंगरावर पाऊस झाला होता. पाणी चढत होतं.

"सिमाह! पोरी, पाय गेला! काढा मला!"

गावची बोली!

सेनिन शांतपणे खाली बसला आणि विडी वळू लागला. वीस वर्षं त्याने या म्हाताऱ्याचे ओंडके उचलले होते. "पान सळसळलं वाटतं," तो म्हणाला.

सिमाहने खोडाला खांदा लावला. हलेना! "आजोबाला उठव!" ती रानभाषेत ओरडली.

"हुकूम म्होरक्याचा लागतो," सेनिन म्हणाला. "म्होरक्या मेला."

पाणी मामाच्या हनुवटीला लागलं. सिमाहने रेकॉर्डर खोडावर ठेवला. फीत मागे फिरवली. खरखर... आणि जिवंत म्होरक्याचा आवाज रानात घुमला : "सेनिन, झोपलेल्या आजोबाला उठव!"

वीस वर्षांची सवय! विडी टाकून सेनिन उभाच राहिला. खांदा भिडवला. खोड उठलं! आणि रेकॉर्डर घसरू लागला. त्याच्याच पट्ट्याला फितींची पिशवी लटकलेली. नऊ दिवस, सगळे शब्द, एका हाताच्या अंतरावर!

सिमाहने दोन्ही हातांनी मामाच्या बगला धरल्या आणि त्याला ओढलं. खोड गडगडत पुरात गेलं. कापूर गेला. फितीही गेल्या.

तीन महिन्यांनी मामा ओसरीवर बसला होता. डावा पाय मांडीपासून कापलेला.

"मामा, निदान थोडे शब्द सांगा. वहीत लिहिते."

"रानातली भाषा रानातच. आणि रानात जायला पाय लागतात."

"मी पाठीवर नेते तुम्हाला."

म्हाताऱ्याने छपराकडे पाहिलं. वारा अगदी पडला होता.

"पान सळसळलं वाटतं," तो रानभाषेत म्हणाला, आणि भाताचा मोठा घास तोंडात घातला.