गॅसच्या खोलीतून आलेल्या थापा

खोटं वाटलं तर वाटू दे. आत्याला त्याने काही फरक पडत नाही. आणि आता मलाही नाही.

हे घडलं तेव्हा माझी आत्या सैन्याच्या एका प्रशिक्षण केंद्रात मास्क तपासनीस होती. विषारी वायूपासून वाचवणारे मास्क जवानांच्या हातात पडण्याआधी तिची सही लागायची. तिची सही नाही, तर मास्क नाही. तिला तिथे सगळे 'खडूस बाई' म्हणायचे. तोंडावर नाही, अर्थात.

गुरुवार होता. दुपारचे दोन वाजले होते.

लख्ख ऊन. अंधार नाही, वारा नाही, भुताला शोभेल असं काहीच नाही.

केंद्राच्या मागच्या टोकाला गॅसची खोली होती. चार भिंती, एक लोखंडी दार, दाराला वीतभर काच. आत अश्रुधुराची गोळी पेटवायची आणि जवानांना मास्क घालून पाच मिनिटं उभं करायचं. कोणाचा मास्क गळत असेल, तर त्याने दारावर तीन थापा मारायच्या. तीन थापा म्हणजे, मला बाहेर काढा. ऐकणाऱ्याने हातातलं सगळं टाकून दार उघडायचं. तिथला पहिला नियमच तो.

त्या दिवशी मास्कना लावायचे सहाशे फिल्टर तपासायचे होते. शनिवारी एक तुकडी तेच फिल्टर लावून जुन्या रासायनिक बॉम्बचा साठा नष्ट करायला निघणार होती.

आत्याला मात्र चैन नव्हतं. गोदामातल्या खालच्या पेट्यांवर तिला ओलीचे डाग दिसले होते.

"साहेब, अश्रुधूर हा शेवटी धूरच," ती केंद्रप्रमुखांना म्हणाली. "तो फिल्टरमधल्या कागदावरच अडतो. त्या बॉम्बमधलं विष अडतं ते आतल्या कोळशावर. कोळशाला ओल लागली असेल, तर या खोलीत ते कळणारच नाही. प्रयोगशाळेत पाठवू. आठ दिवस द्या."

"आठ दिवस कुठून आणू? हेच फिल्टर लावून बारा जण आत पाठवा. धड बाहेर आले की सही करा."

बारा जण आत गेले.

बारा जण बाहेर आले.

आत्याने मोजले. शिकवणाऱ्या हवालदाराने मोजले. एकाचाही डोळा लाल नव्हता. एक तर चक्क जांभई देत बाहेर आला.

हवालदाराने दार लावलं. बारा जण समोर भिंतीच्या सावलीत रांगेत बसले. साहेबांनी कागद पुढे केला.

आत्याने पेन उघडलं. टोक कागदाला टेकवलं.

आणि...

थप.

थप.

थप.

कोणीच हललं नाही.

हवालदाराने रांगेकडे पाहिलं. ओठ हलवत मोजलं. बारा. पुन्हा मोजलं. बाराच.

"पत्रा तापला असेल," साहेब म्हणाले.

"साहेब, दार तापून मोजून तीनदा वाजत नाही," आत्या म्हणाली.

पुन्हा आवाज आला. या वेळी हळू...

थप.

थप.

थप.

हवालदाराची पाचावर धारण बसली. "बाई, नका उघडू. मी स्वतः आत बघून दार लावलंय. आत कोणी नाही हो!"

तिसऱ्यांदा आवाज आला, तेव्हा थापा दोनच होत्या...

तिसरी आलीच नाही.

आत्या सांगते, त्या न आलेल्या थापेने ती भानावर आली. आणि पाठोपाठ राग आला. तीनदा कोणी मदत मागतंय आणि आपण चौदा-पंधरा माणसं बाहेर थांबून पत्र्याच्या गप्पा मारतोय?

तिने पेन फेकलं. स्वतःचा मास्क चढवला, फिल्टरवर तळवा दाबून श्वास ओढत तो गळत नाही ना हे पाहिलं आणि दार उघडलं.

आत धूर होता. विरळ, कमरेइतका.

माणूस नव्हता.

पण आवाज होता... मास्कची झडप उघडते-मिटते तसा. फट्... फट्... फट्... तिने स्वतःचा श्वास रोखून धरला.

आवाज थांबला नाही.

तिच्या डाव्या कानाशी कोणीतरी श्वास घेत होतं. जड. ओढून ओढून.

मग तिला काच दिसली. काचेवर आतल्या बाजूने ओल्या पंजाचा ठसा होता. पंजा घसरत खाली गेलेला. खाली... आणखी खाली... दाराच्या तळापर्यंत.

ती मास्कमधूनच ओरडली, "चल! दार उघडं आहे! चल बाहेर!"

दोन मिनिटांनी ती बाहेर आली. एकटी.

"झालं समाधान?" साहेब म्हणाले. "आता सही."

"नाही."

"बाई, भुताच्या सांगण्यावरून तुम्ही सहाशे फिल्टर नाकारणार?"

"ओलीच्या डागांवरून नाकारतेय. भुताचं आणि माझं मत जुळलं, एवढंच."

"मी दुसऱ्या कोणाची तरी सही घेईन."

"घ्या ना. फक्त त्याआधी खालच्या पेटीतला एक फिल्टर तुमच्या मास्कला लावा आणि शनिवारी तुकडीच्या पुढे चाला. तुम्ही चालणार असाल, तर मी आत्ता सही करते."

साहेबांनी रांगेकडे पाहिलं. रांगेतले बारा जण त्यांच्याकडे बघत होते.

आत्याने कागदावर आडवं, मोठ्या अक्षरांत लिहिलं: नामंजूर.

आठ दिवसांनी प्रयोगशाळेचा अहवाल आला. खालच्या पेट्यांतले चाळीस फिल्टर तपासले होते. त्यातल्या एकतीस फिल्टरमधला कोळसा पार मेलेला. तुकडी महिनाभराने नव्या फिल्टरवर गेली आणि सगळीच्या सगळी परत आली.

आत्याला मात्र 'अंधश्रद्धेमुळे कामात अडथळा' असा शेरा मिळाला. तिने उत्तरही दिलं नाही.

ती वेगळंच काहीतरी शोधत होती. केंद्राच्या चौतीस वर्षांच्या नोंदवह्या तिने चाळून काढल्या. गॅसच्या खोलीत एकही मृत्यू नाही. एकही अपघात नाही. कोणी बेशुद्ध पडल्याचीही नोंद नाही.

"म्हणजे एक तर इथे कोणी मेलं नाही," ती हवालदाराला म्हणाली, "नाहीतर कोणी लिहिलं नाही."

मग तिने स्वतः लिहिलं. त्या गुरुवारची तारीख घालून. 'आत एक जण होता. त्याने तीनदा मदत मागितली.' खाली सही. ते खोडायला तिला दोनदा सांगण्यात आलं. दोन्ही वेळा ती म्हणाली, "तुम्ही खोडा आणि खाली तुमचं नाव लिहा."

कोणी खोडलं नाही.

ही हकिगत मी तिच्याकडून कितीतरी वेळा ऐकलीय. पण एक प्रश्न मी परवाच विचारला.

"आत्या, तू दार उघडलंस. पण तो बाहेर आला का गं?"

तिने स्वतःच्या तळहाताकडे पाहिलं.

"मी हात पुढे केला होता," ती म्हणाली. "त्याने तो धरला. मी उंबरठ्यापर्यंत ओढत आणलं त्याला. वजन होतं रे हाताला. आणि तिथे... एकदम हात रिकामा झाला."

"त्याने सोडला?"

तिने मान हलवली.

"नाही. त्याने घट्ट धरला होता... आतून कोणीतरी त्याला मागे ओढलं."