चारही बाजूंनी काठ

कापूस जळला की कागद जळल्याचा वास येतो. लोकर जळली की केस जळल्याचा. पॉलिएस्टर पेटण्याआधी वितळतं आणि गार झाल्यावर त्याचा काळा, कडक मणी होतो. कापड तपासणीच्या प्रयोगशाळेत मी रुजू झाले तेव्हा सुरुवातीला माझं काम एवढंच होतं. चिमट्यात धागा धरायचा, स्पिरिटच्या दिव्याजवळ न्यायचा, हुंगायचं आणि नाव सांगायचं. चुकलं की पुन्हा.

शिकवायला माझी आत्याच होती. आईवडील गेल्यावर तिनेच मला लहानाचं मोठं केलं आणि माझी पदवी हातात पडताच ती नोकरी करायची त्याच प्रयोगशाळेत आणून बसवलं. तिथे मात्र नातंगोतं बाहेर चपलांपाशी काढून ठेवावं लागे. धाग्याचा पीळ मोजताना माझी नजर खिडकीबाहेर गेली, की पट्टीचा फटका टेबलावर बसे. तिने लग्न केलं नव्हतं. कुणी विचारलंच तर म्हणायची, "स्थळं पुष्कळ आली. पण एकही आगीच्या चाचणीला उतरलं नाही."

प्रयोगशाळा एका जुन्या इमारतीच्या वरच्या मजल्यावर होती. बाहेरच्या खोलीत मायक्रोस्कोप, अ‍ॅसिडच्या बाटल्यांचं कपाट आणि कापड ताणून फाडण्याचं यंत्र. आतल्या खोलीला खिडकी नव्हती. तिथली हवा वर्षभर सारख्याच तापमानाची आणि सारख्याच दमटपणाची ठेवलेली असे, कारण कापड हवेतलं पाणी पितं आणि त्याचं वजन बदलतं. त्या खोलीत एक बारीक घरघर सतत चालू असायची. पुढे पुढे ती ऐकूही येईनाशी झाली.

एका सकाळी एक नर्स आली. रात्रपाळी संपवून तशीच आलेली. डोळे ओढलेले, हातात प्लॅस्टिकची छोटी पिशवी. पिशवीत तळहाताएवढा मळकट पांढरा कापडाचा तुकडा होता.

"हे कशाचं आहे, तेवढं सांगा," ती म्हणाली.

तिचा धाकटा भाऊ एका हॉटेलच्या धुलाईखान्यात कामाला होता. तिथे कुणाची तरी चादर पडून होती, मालक काही आला नाही. याने ती घरी आणली, एक दिवस अंगावर घेतली, आणि मग सोडायलाच तयार होईना. आधी कामावर जायचा थांबला, मग जेवायचा. रक्त तपासलं, छातीचा फोटो काढला, सगळं ठीक. आणि माणूस मात्र दिवसेंदिवस विरत चाललेला.

"विरत म्हणजे?" आत्याने विचारलं.

नर्स जरा अडखळली. "जुनं धोतर विरतं ना, तसा. हाताची कातडी उजेडासमोर धरली तर पलीकडचं दिसेल असं वाटतं. चादरीत काही औषध मारलंय का, विष आहे का, ते बघा. तो झोपलेला असताना कोपरा कापून आणलाय."

आत्याने हातमोजा काढला आणि तुकडा बोटांत धरला. ती नेहमी तसंच करायची. बोटांनी आधी ओळख करून घ्यायची, उपकरणं नंतर. पण यावेळी तिने तो लगेच खाली ठेवला नाही. अंगठा त्यावरून फिरत राहिला.

"कोमट आहे," ती म्हणाली.

"मी खिशातून आणलाय," नर्स म्हणाली.

ती गेल्यावर आम्ही कामाला लागलो. मी एक धागा सोडवला, त्याचा तंतू काचेवर ठेवला आणि मायक्रोस्कोपला डोळा लावला. पीळ पडलेली चपटी फीत. कापूस. यात शिकण्यासारखंही काही नव्हतं.

"कापूस," मी म्हटलं.

आत्याने पाहिलं. "डोळे कुठे ठेवून आलीस? खवले दिसतायत एवढे ढळढळीत. लोकर आहे."

मी पुन्हा वाकले. खवलेच होते. माशाच्या अंगावर असतात तसे, एकावर एक.

"पण मघाशी खरंच..."

"मघाशी तुझ्या मनात कापूस होता. नाव आधी मनात आलं की डोळे त्याच्या मागे धावतात." असं म्हणून तिने पुन्हा पाहिलं आणि बराच वेळ मान वर केली नाही. मग हळूच म्हणाली, "आता कापूस दिसतोय."

मिश्र सूत असेल, असं आम्ही ठरवलं. आगीची चाचणी केली. ज्योतीपासून बोटभर लांब असतानाच धागा मागे सरला. लोकर आकसते, पण ज्योत जवळ आल्यावर. हा आधीच अंग चोरून बसला. शेवटी पेटला तेव्हा मला कागदाचा वास आला. आत्या नाकाला रुमाल लावून म्हणाली, "केस. नुसते केस." आम्ही एकाच दिव्यासमोर, एकाच धुरात उभ्या होतो.

दुसऱ्या दिवशी मी तो तुकडा भिंगाखाली घेतला.

मागावरून उतरलेल्या कापडाला दोनच काठ असतात, डावा आणि उजवा. आडवा धागा तिथे वळून परत फिरतो. कात्रीने कापलेल्या बाजूला धाग्यांची मोकळी टोकं लोंबायलाच हवीत. हा तर कोपऱ्यातून कापून आणलेला तुकडा, शिवाय आम्ही त्यातून धागेही काढलेले. आणि त्याला चारही बाजूंनी काठ होता. प्रत्येक धागा कडेपर्यंत येऊन वळून आत गेला होता. एकही टोक उघडं नव्हतं.

आत्याने ते पाहिलं. तुकडा उचलून आतल्या खोलीत गेली आणि तराजूच्या काचेच्या पेटीत ठेवला.

आकडे स्थिर होईनात. शेवटचे दोन अंक चढायचे, थांबायचे, उतरायचे. पुन्हा चढायचे. मी पेटीची दारं तपासली, वारा कुठूनच नव्हता. मग माझं लक्ष आत्याकडे गेलं. तिची छाती वर आली की आकडे चढत होते. खाली गेली की उतरत होते.

"आत्या, श्वास रोखून धर जरा."

तिने श्वास रोखला. आकडे थांबले.

"यंत्र बिघडलंय," ती म्हणाली. तिचा आवाज असा कापरा झालेला मी कधी ऐकला नव्हता.

नर्स परत आली ती मिठाई मिळालेल्या लेकरासारखी हसत. भाऊ उठून बसला होता. त्याच दिवशी, कोपरा कापला त्याच दिवशी. चादर स्वतःहून फेकली आणि जेवायला मागितलं. तिने सगळी चादरच गुंडाळून आणली होती. आम्ही ती तपासली. कापूस. कशीही बघा, कुणीही बघा, साधा धुवट कापूस. कापलेल्या कोपऱ्यावर धाग्यांची टोकं लोंबत होती.

"म्हणजे काहीच नव्हतं तर!" नर्स म्हणाली. "उगीच तुम्हाला त्रास. आता तो तुकडा टाकून दिलात तरी चालेल."

"हो," आत्या म्हणाली. तिची मूठ अ‍ॅप्रनच्या खिशात होती आणि नर्स जाईपर्यंत ती बाहेर आली नाही.

तो तुकडा घरी मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा हातरुमालाएवढा झाला होता. आत्या चहा पिताना मांडीवर घेऊन बसली होती. मी म्हटलं, नमुना घरी कशाला आणलास? नियम तूच शिकवलास ना? ती म्हणाली, "अजून ओळख पटली नाही त्याची." पुढे तो खांद्यावर आला, शालीएवढा. मग तो अख्खी चादर झाला आणि आत्या कामावर यायची थांबली.

प्रयोगशाळेत मी थाप मारली, तिला ताप आलाय म्हणून. डॉक्टरांना घरी बोलावलं. नाडी उत्तम, रक्तदाब उत्तम. "थकवा आहे, आराम करू द्या." त्यांनी चादर बाजूला सारून पोट तपासलं. त्यांच्या हाताला ती हलली. मी हात लावला की मात्र गादीला शिवल्यासारखी घट्ट बसायची.

"आत्या, सोड ना ती."

"ऊब आहे गं," ती म्हणायची. "माझ्या आईच्या कुशीत होती तशी. तूही ये."

तिचा हात मी उजेडात पाहिला. नर्सने सांगितलं होतं तसाच. कातडीखाली शिरांऐवजी बारीक उभ्याआडव्या रेघा दिसत होत्या. मी पडदा ओढून घेतला.

एकदा मी दोन्ही हातांनी जोर लावून चादर खेचली. ती सुटली नाही. पण माझी बोटं जिथे रुतली होती तिथे विणीत वळणं उमटली. बारीक, एकात एक. मी माझा अंगठा शेजारी धरून पाहिला. माझ्याच अंगठ्याची वळणं होती.

आम्ही त्याची तपासणी करत होतो, तेवढ्या वेळात त्याने आमची केली होती.

मला पळून जावंसं वाटलं, हे लपवत नाही. दारापर्यंत गेलेही. पण आतून आत्या खोकली आणि माझे पाय तिथेच अडले. तिच्यावाचून मला होतं कोण?

रविवार होता. दुपारचं ऊन पलंगापर्यंत आलं होतं. आत्या डोळे मिटून पडलेली. मी शिवणाची मोठी कात्री घेतली आणि चादरीचा कोपरा कापला. कात्री जड चालली, ओलं काही कापावं तशी. आत्याच्या तोंडून एक लांब श्वास निघाला. कोपरा मी हाताने उचलला नाही. स्वयंपाकघरातल्या सांडशीत धरला, काचेच्या बरणीत टाकला, झाकण लावलं आणि तडक प्रयोगशाळेत गेले. सुट्टीचं तिथे कुणी नव्हतं. किल्ली माझ्याकडे होती.

तीव्र अ‍ॅसिडमध्ये कापूस विरघळतो. लोकर विरघळत नाही. लहान पोरालाही पाठ होईल असा धडा. कपाटातून बाटली काढली. आगीत आत्याला त्यात लोकर सापडली होती, मला कापूस. आता तिथे मी एकटीच होते. मी म्हणेन तेच त्याला व्हावं लागणार होतं.

अ‍ॅसिड दुसऱ्या बरणीत ओतलं. तुकडा चिमट्याने आत सोडला.

तो तरंगला.

काही झालं नाही. उलट वर येऊन काचेला चिकटला. माझ्या बाजूच्या काचेला.

बरणीची काच कोमट लागली.

मी डोळे घट्ट मिटले आणि मोठ्याने म्हणू लागले. कापूस. तू कापूस आहेस. बोंडातून निघालेला, पिंजलेला, कातलेला कापूस. दुसरं काही नाहीस. माझाच आवाज मला वेड्यासारखा वाटत होता. आतल्या खोलीची घरघर अचानक ऐकू यायला लागली. मग लक्षात आलं, ती घरघर माझ्या श्वासाच्या तालावर चालली होती.

मी श्वास रोखला. घरघर थांबली.

कापूस, मी मनात म्हटलं. कापूस. कापूस.

डोळे उघडले तेव्हा बरणीत पिवळसर पाणी होतं. तळाशी काहीही नव्हतं.

घरी पोचले तर आत्या खुर्चीत बसलेली. चादर जमिनीवर पडली होती, कापल्या जागी टोकं लोंबत होती. साधी चादर. आत्याच्या गालांवर रंग होता. मला पाहून म्हणाली, "आलीस? भूक लागलीय गं. आणि माझी कात्री अशी उघडी टाकून गेलीस होय? पाय पडला असता म्हणजे?"

मी धावत जाऊन तिच्या पायाशी बसले. तिने माझ्या डोक्यावर हात ठेवला. तोच हात, तेच वजन. "सुट्टीतही अ‍ॅसिडचा वास अंगाला. एवढं मन लावून काम केलंस ना, तर माझी जागा घेशील," ती म्हणाली. मी हसले, आणि हसता हसता इतक्या दिवसांचं सगळं रडू एकदम फुटलं. तिचा दुसरा हात मांडीवर होता. तिच्या गुडघ्यावर डोकं टेकून मी मनसोक्त रडले. मग डोळे पुसायला मान वर केली.

हनुवटीवरून एक थेंब तिच्या हाताच्या पाठीवर पडला.

तो ओघळला नाही. तिथेच थांबला, चपटा झाला, आणि कातडीत जिरला. जिथे जिरला तिथे एक ओला डाग उमटला आणि हळूहळू वाढला, कापडाच्या धाग्यांतून ओल सरकते तसा. मनगटाकडे सरळ, आणि आडवा, अंगठ्यापासून करंगळीपर्यंत सरळ.

आत्यानेही तो पाहिला. "वेडी कुठली, रडतेस काय?" असं म्हणत ती उठली, खिडकीपाशी गेली आणि हात वाळायला उन्हात धरून उभी राहिली.