पाटीवरची खुर्ची

सकाळी साडेसहाला श्वानशाळेच्या भिंतीवरची पाटी उजळली आणि तिच्यावर एकाखाली एक, पाच पिल्लांच्या पाच ओळी उमटल्या. दिवाण : भूक. चिटणीस : भूक. फडणीस : भूक. पोतनीस : भूक, शिवाय फडणीसाचा कान. मामलेदारीण : भूक नंतर, आधी दार कोण उघडते ते पाहायचे आहे.

उमादेवी शितोळे यांनी चष्मा नाकावर नीट बसवून त्या ओळी दोनदा वाचल्या. वाईच्या वरच्या अंगाला, टेकडीच्या उतारावर, बत्तीस वर्षे त्यांनी कारवानी कुत्र्यांची पैदास केली होती. लांब पायांच्या, निमुळत्या तोंडाच्या त्या कुत्र्यांपैकी एकानेही आजवर त्यांचा शब्द मोडला नव्हता, आणि माणसांपैकी तर कोणाची प्राज्ञाच नव्हती. पिल्लू भुकेले आहे हे कळायला भिंतीवर पाटी लागावी, ही गोष्ट त्यांना मुळीच पटत नसे. पण पाटी सुनेने बनवलेली होती, तेव्हा ती सहन करणे आले.

पाटीवरचा मजकूर येत असे तो पिल्लांच्या गळ्यांतून. डॉ. ऋजुता शितोळे हिने तयार केलेल्या बोधपट्ट्याच्या आतल्या अंगाला केसाहून बारीक तारा होत्या. मेंदूतून निघणारी अतिसूक्ष्म स्पंदने त्या टिपत आणि यंत्र त्यांचे शब्द करी. कुत्र्याचे जग नाकावाटे आत शिरते. समोर आलेल्याचा वास घेऊन पिल्लू त्याला कशात जमा धरते, म्हणजे माणसात, जनावरात, खाण्यात की सामानात, हे बोधपट्टा सांगत असे. पिल्लाची मान पुरेशी भरल्यावरच तो बांधता येई, म्हणून पट्टे चढून अवघे चार दिवस झाले होते.

आज पिल्लांचा एकोणपन्नासावा दिवस होता आणि दरडशोध दलाचे निरीक्षक दहा वाजता यायचे होते. पावसाळ्यात डोंगर खाली आला की ढिगाऱ्याखालच्या माणसांचा माग काढण्याचे काम शितोळ्यांची कुत्री करीत आली होती. आता मात्र चाकांवरची शोधयंत्रे दलाच्या दाराशी येऊन उभी होती. तेजी नावाच्या कुत्रीचे हे वेत नापास झाले, तर दल यापुढे शितोळ्यांकडून एकही पिल्लू घेणार नव्हते. तसे पत्रच आले होते. उमादेवींनी ते वाचून घडी घातले आणि देवघरात गणपतीच्या पाटाखाली ठेवले. काळजीचे कागद ठेवण्याची त्यांची ती जागा होती.

वास्तविक काळजीचे कारण त्यांना दिसत नव्हते. दलाचा मुख्य नियम त्यांनी तंतोतंत पाळला होता. तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्यापर्यंत पिल्लाच्या मनाची एक खिडकी उघडी असते. त्या काळात जे भेटेल ते जगाचा भाग होते आणि जे भेटत नाही ते जन्मभर परके राहते. म्हणून परीक्षेपूर्वी प्रत्येक पिल्लाने शंभर अनोळखी माणसांच्या हाताखालून जावे, असा दंडक होता. पट्टे सिद्ध करण्यासाठी ऋजुता तीन आठवडे पुण्याला गेली, तेव्हा जाताना तिने सासूबाईंच्या हाती एक यादी दिली होती. दाढीवाला, काठीवाला, शिरस्त्राण घातलेला, लंगडणारा, रडणारे मूल, गवंडी, असे दोन पाने भरून. उमादेवींनी वरची ओळ वाचली, ‘शंभर माणसे’, आणि कागद मिटला. शंभर माणसे कशी जमवावीत हे त्यांना शिकवावे, अशी वेळ अजून आलेली नव्हती.

दिवस संक्रांतीनंतरचे होते. रथसप्तमीपर्यंत उमादेवींनी श्वानशाळेत तीन हळदीकुंकवे केली. पंचक्रोशीतल्या एकशे सात बायका ठेवणीतली लुगडी आणि पैठण्या नेसून आल्या. प्रत्येकीला हळदकुंकू, मनगटाला हिन्याचे अत्तर, अंगावर गुलाबपाणी, ओटीत वाण, आणि मग मांडीवर पाळीपाळीने पाचही पिल्ले. दोन पैठण्यांचे पदर पोतनीसाने चावले. पण नियम पुरा झाला. उमादेवी स्वतः काचेपलीकडच्या खोलीत ध्वनिवर्धक घेऊन बसल्या होत्या. यजमान गेल्यापासून बावीस वर्षे त्या सुवासिनींच्या बैठकीत बसत नसत. त्यांना कोणी बसू नका म्हटले नव्हते. नियम त्यांचाच होता, आणि त्या घरात त्यांचा नियम मोडण्याची हिंमत त्यांचीही नव्हती. एरवीही पिल्लांना त्या हात लावीत नसत, कारण लाडाने शिस्त जाते. ‘बस’, ‘थांब’, ‘पोतनीस, पदर सोड’ एवढे भिंतीतल्या कर्ण्यातून सांगितले की काम भागे. शेवटच्या हळदीकुंकवाला शेळीचे दूध घेऊन आलेल्या हौसाबाईला शेवंताने फाटकाशीच थांबवले. आत बायका बसल्यामुळे ती कॅन तिथेच ठेवून परत गेली. त्यात लक्षात ठेवण्यासारखे कोणालाच काही वाटले नाही. शेवंता म्हणजे पिल्लांचे खाणेपिणे पाहणारी बाई, तिलाही नाही.

निरीक्षक घनवट ठरल्या वेळी आले. उंच गृहस्थ, भरघोस मिशा, अंगात खाकी. ते अंगणात पिल्लांच्या मधोमध उभे राहिले आणि त्यांनी वही उघडली.

पिल्ले पळाली नाहीत, की स्वागतालाही धावली नाहीत. दिवाण त्यांच्या उजव्या बुटावर मान टाकून झोपला. चिटणीसाने बुटाची नाडी सोडवायला घेतली. पोतनीसाने जे केले, त्याने डावा बूट ओला झाला. घनवटांनी मान वर करून पाटी वाचली. दिवाण : खांब. चिटणीस : खांब, दोरीसकट. पोतनीस : खांब, सोयीचा.

नोकरीत त्यांना पुष्कळ काही म्हटले गेले असावे, कारण ते रागावले नाहीत. अंगणात परीक्षेसाठी ठेवलेल्या सिमेंटच्या नळात स्वतः आडवे होऊन त्यांनी अडकलेल्या माणसासारखे कण्हून पाहिले. पिल्ले त्यांच्यावरून कोलांट्या घेत पलीकडे गेली. बाहेर येऊन गुडघे झटकत ते उमादेवींना म्हणाले, “बाई, ही पिल्लं भित्री नाहीत. भित्री असती तर एक वेळ चाललं असतं. भिणाऱ्याला समोर कोणीतरी आहे एवढं तरी कळलेलं असतं.”

ऋजुता पाटीकडे टक लावून उभी होती. आपल्या माघारी पिल्लांना कोण कोण भेटले, असे तिने विचारले. उमादेवींनी तिन्ही हळदीकुंकवांचा वृत्तांत वाणासकट सांगितला, आणि त्यात अभिमानाचा भाग कमी नव्हता. ऋजुताने शेवंताकरवी करंडा, अत्तरदाणी आणि गुलाबदाणी मागवली, घनवटांची क्षमा मागितली, त्यांच्या मनगटाला हळद लावली, हिना लावला आणि मिशांपासून बुटांपर्यंत गुलाबपाणी शिंपडले.

पाचही पिल्ले एकदम उठली. क्षणात घनवट जमिनीवर बसले होते, फडणीस त्यांच्या खांद्यावर होता आणि मामलेदारीण त्यांची मिशी चाटत होती. पाटीवर पाच वेळा एकच शब्द आला : माणूस.

“कुंकवाचा तांबडा रंग कुत्र्याला नीटसा कळतही नाही,” ऋजुता म्हणाली. “यांनी नाकानं नियम बांधलाय, आईसाहेब. हळद-अत्तराचा वास आला तर माणूस. बाकी सगळं सामान.”

“मग दलानं अत्तर वाटावं,” उमादेवी म्हणाल्या.

“दरड कोसळायच्या आधी कोणी अत्तर लावून बसत नाही हो,” घनवट मिशी पुसत म्हणाले.

उमादेवी रागावल्या की सुनेला अहो-जाहो करीत. “सूनबाई, तुमचा पट्टा बिघडलेला आहे,” असे म्हणून त्या फाटक उघडून अंगणात शिरल्या. या वेताच्या जन्मापासून पहिल्यांदाच. त्या मधोमध ताठ उभ्या राहिल्या आणि त्यांनी हुकूम सोडला, “बस.” पाचही पिल्ले तत्काळ बसली, पण त्यांच्याकडे पाठ करून, भिंतीतल्या कर्ण्याकडे तोंडे करून. मग मामलेदारीण सावकाश उठली, तिने उमादेवींच्या पायांचा वास घेतला आणि त्यांच्या पायघोळ पातळाच्या सावलीत जाऊन पसरली.

मामलेदारीण : खुर्ची.

अंगणात कोणी हसले नाही. घनवट वहीत पाहू लागले आणि शेवंताला एकाएकी चुलीवर काहीतरी ठेवल्याचे आठवले. खिडकी अजून उघडी आहे, एवढ्या एका आधारावर ऋजुताने मुदत मागितली. घनवटांनी अकरा दिवस दिले आणि जाता जाता बूट धुवायला पाणी मागितले.

त्या दुपारी उमादेवींनी ती यादी शेवटच्या ओळीपर्यंत वाचली. दुसऱ्या दिवसापासून हळद, अत्तर, गुलाबपाणी बंद झाले आणि माणसांची रांग लागली. गवंडी आले, वीजमंडळाचे शिरस्त्राणवाले आले, कुबडीवर चालणारे माजी सैनिक आले, शाळेची चौथीची तुकडी आली आणि तिच्यातले एक मूल ठरल्याप्रमाणे रडलेही. बायकांची नावे लिहिण्याची पाळी आली, तेव्हा शेवंता जरा घुटमळली.

“आईसाहेब, गावात अजून बायका आहेत. त्यांना कधी बोलावणं जात नाही.”

“कोण?”

“हौसाबाई. तिची जाऊ. शाळेतल्या जुन्या कदमबाई.” शेवंताने हातातल्या भांड्याकडे पाहत शेवटचे नाव घेतले. “आणि तुम्ही.”

उमादेवींनी पहिली तीन नावे लिहिली. मग चौथे नाव त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिले, आडनावासकट, कारण अर्धवट नाव लिहिणे त्यांना आवडत नसे.

एकाहत्तराव्या वर्षी जमिनीवर बसणे ही सोपी गोष्ट नव्हती. सतरंजी अंथरली, दोघींनी धरले आणि उमादेवी खाली आल्या. पाटीवर उमटले : खुर्ची, मोडकी. हौसाबाईचे स्वागत निराळे झाले. तिच्या लुगड्याला शेळ्यांचा वास होता, आणि मामलेदारणीने पुष्कळ विचार करून निकाल दिला : शेळी, बोलणारी. हौसाबाईला तो वाचता येत नव्हता. तिने शेवंताकडून तो ऐकला आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. “माझ्या सासूपेक्षा बरं बोललं की,” ती म्हणाली.

पिल्लाच्या डोक्यावर वरून हात आणायचा नसतो, हे बत्तीस वर्षांनंतर उमादेवींना हौसाबाईने सांगितले. “घारीगत येतोय तुमचा हात. असा खालनं आणा, हनुवटीखाली. आणि उगा हुकूम सोडू नका, जरा गप बसा.” ‘गप बसा’ हे शब्द त्या घरात उमादेवींना उद्देशून प्रथमच उच्चारले जात होते. त्या गप बसल्या. तिसऱ्या दिवशी पाटी म्हणाली : खुर्ची, उबदार. पाचव्या दिवशी : खुर्ची, श्वास घेणारी. सातव्या दिवशी, पोतनीस त्यांच्या मांडीवर झोपलेला असताना : कोण जाणे. उमादेवींनी ती ओळ वाचली आणि शेवंताला सांगितले की आज गूळ घालून चहा कर, दोघींना. हौसाबाई रोज येऊ लागली होती.

अकराव्या दिवशी घनवट आले, ते जुने बूट घालून. दगडामातीच्या ढिगाऱ्याखाली कोण पडून राहणार, असा प्रश्न निघाला. पिल्लांच्या ओळखीचे माणूस नको आणि वासाने सजलेले तर नकोच, असे ते म्हणाले.

“मी,” उमादेवी म्हणाल्या. “मी अजून कोणाच्याच ओळखीची नाही. पाटी वाचा.”

घनवटांनी वयाचा विषय काढून पाहिला. माझे वय मला ठाऊक आहे, असे उत्तर मिळाल्यावर त्यांनी तो सोडला. उमादेवींना नळात निजवून वर पोती टाकून मातीची घमेली ओतली. आत अंधार होता आणि ओल्या सिमेंटचा वास होता. बाहेर पिल्ले सुटल्याचे कळले. पावले आली, गेली, पुन्हा आली. ‘इकडे या’ एवढे दोन शब्द उमादेवींच्या ओठांवर होते, आणि जन्मात पहिल्यांदा त्यांनी हुकूम गिळला. न बोलावता कोणी आपल्याला शोधत येईल की नाही, हे त्यांनी आजवर कधी पाहिलेच नव्हते.

पावले थांबली. माती उकरली गेली. एक थंड, ओले नाक त्यांच्या मनगटाला लागले आणि तिथेच राहिले. मग मामलेदारीण भुंकली, इतक्या लहान गळ्यातून येईल तेवढ्या मोठ्याने.

बाहेर पाटीवर एकच शब्द होता. तो घनवटांनी मोठ्याने वाचला, म्हणून आत उमादेवींनाही ऐकू आला. त्या नळातून लगेच बाहेर आल्या नाहीत. चष्मा मातीने भरला आहे, असे त्यांनी सांगितले. दिवाण, चिटणीस आणि फडणीस एकापाठोपाठ येऊन पोहोचले. पोतनीसाने वाटेत घनवटांचा डबा शोधून काढला आणि मग माणूस; पण वेळेच्या आत. वेत पास झाले. पत्र गणपतीच्या पाटाखालून निघाले.

उन्हे कलली, तशी ऋजुता पट्टे पुसून पेटीत ठेवू लागली. उमादेवी शेजारी बसल्या होत्या, सतरंजीवरच.

“ऋजुता, माणसाच्या पिल्लाची ही खिडकी किती आठवडे उघडी असते ग?”

“ते अजून कोणी मोजलेलं नाही, आईसाहेब. मोठ्या मापाचा पट्टा मी केलाय. बांधून घ्यायला कोणी तयार होत नाही.”

उमादेवींनी पेटीतला तो मोठा पट्टा उचलला. हाताला तो अगदी हलका लागला. फाटकातून हौसाबाई येत होती, डोक्यावर चुंबळ आणि तिच्यावर दुधाचा कॅन, आणि पाचही पिल्ले तिच्या पायांत घोटाळत होती. शेवटच्या हळदीकुंकवाच्या दिवशी ती याच फाटकाशी उभी होती. काचेपलीकडून ते फाटक स्वच्छ दिसते. उमादेवींनी तेव्हा तिकडे पाहिले होते, चांगले निरखून. दूध वेळेवर आले की नाही, ते पाहायला.

तेव्हा हा पट्टा आपल्या गळ्यात असता, तर पाटीवर काय उमटले असते : माणूस, की कॅन?